आप्पा ‘व्हय’ म्हणाले

खेळणारी माणसं जमली की किस्से साठतातच. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा गार होतो. आमची तर तऱ्हाच निराळी. आम्ही चौघं एका पाटावर कधी बसलोच नाही! खेळतो ते मोबाईलवर, ऑनलाइन बॅकगॅमन. धाराशिवातून मी आणि आप्पा, तुळजापुरातून लॉजवाला बाळू, आणि तेरखेड्यातून फटाक्याच्या कारखान्यातले सलीमभाई. मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. आप्पा मोजणी खात्यातून रिटायर झालेले, या खेळातले आमचे गुरू.

किस्से आत्ताच सांगते, कारण यंदाच्या उन्हाळ्यात आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आत आमचे आप्पा आहेत का नाहीत, हेच कुणाला कळेना.

*

आप्पांचे वडील निजामाच्या वेळचे, कचेरीतले पेशकार. त्यांच्याकडं एक म्हातारा अरब जमादार यायचा आणि दोघं लाकडी तख्त्यावर फासे टाकून सोंगट्या खेळत बसायचे. आप्पा तेव्हा लहान. सोंगट्यांना हात लावायची सक्त बंदी!

पुढं तो तख्ताही गेला आणि खेळणारेही. रिटायर झाल्यावर एकदा नातवाच्या मोबाईलवर आप्पांना बॅकगॅमन दिसलं आणि ते जेवता जेवता उठून बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ओरडले, "अगं बघ तरी, हा तर वडलांचा तख्ता!"

मग त्यांनी एकेकाला धरून शिकवलं. दोन फासे, पंधरा सोंगट्या. सगळ्या फिरवून आपल्या घरात आणायच्या आणि मग बाहेर काढायच्या. वाटेत एकटी सापडली की समोरचा मारणार.

मी म्हटलं, "आप्पा, मला जमायचं नाही हे."

"बाई, लई सोपं हाय. सगळ्यांनी मिळून घरला पोचायचं, बस!"

*

ऑनलाइन खेळात फासे कॉम्प्युटर टाकतो. पण बाळू स्क्रीनला बोट लावायच्या आधी "आई राजा उदो उदो!" म्हणणारच. तेही लॉजच्या काउंटरवर, खणखणीत आवाजात.

एकदा सोलापूरहून आलेली बसभर माणसं खोल्यांसाठी खोळंबली होती. बाळूनं उदो म्हटल्यावर सगळ्यांनी पिशव्या खाली ठेवून हात जोडले आणि एका सुरात "उदो उदो!" केलं. बाळूला वाटलं, आता काय, दोन छक्के! पडलं एक आणि दोन. सोंगटी मेली ती मेलीच.

त्यानं ग्रुपवर रडगाणं टाकलं. आप्पांचं उत्तर आलं, "बाळू, देवीला त्रास देऊ नगंस. तिच्याकडं माणसं रांगंत उभी हायत."

*

सलीमभाईंच्या कारखान्यात मोबाईल आत न्यायची सोय नाही. दारूकाम आहे, गेटवरच जमा करायचा. त्यामुळं त्यांची खेळी यायची ती जेवणाच्या सुट्टीत नाहीतर संध्याकाळी. मधल्या वेळात त्यांची मुदत संपायची आणि अ‍ॅप आम्हाला विचारायचं, समोरच्यानं वेळ घालवला, विजय घेता का?

घ्यायचा नाही, हा आप्पांनी घालून दिलेला नियम. "हात धुवायला उठलेल्या माणसाचं ताट आपण वढत न्हाय!"

एका दुपारी बातमी आली की तेरखेड्याकडं कुठंतरी मोठा आवाज झाला. सलीमभाईंचा फोन लागेना. आप्पा मोबाईल समोर ठेवून बसले. अ‍ॅप विचारत होतं, विजय घेता का, विजय घेता का. काकूंनी जेवायला बोलावलं तर आप्पा हलले नाहीत. दिवेलागणीला सलीमभाईंची खेळी आली. त्यांच्या कारखान्यात काही झालंच नव्हतं, सगळ्यांना नुसतं बाहेर काढून बसवलं होतं.

आप्पांनी पाटाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त लिहिलं, "जेवलास का?"

*

या खेळात एक डबल असतो. आपली बाजू वरचढ वाटली की समोरच्याला डबल द्यायचा. त्याच्यापुढं दोन बटणं येतात. हिरवं दाबलं तर डाव दुप्पट गुणांचा होऊन पुढं चालू. लाल दाबलं तर त्यानं डाव तिथंच सोडला.

मी जात्याच तापट, पण या पाटावर भित्री. एकदा आप्पांनी माझी परीक्षा बघायला सुरुवातीलाच डबल टाकला. मी घाबरून लाल दाबलं. लगेच फोन!

"बाई, पंगत बसल्या बसल्या उठणारं माणूस म्या पहिल्यांदा बघितलं! अजून सोंगट्या तरी हलल्या व्हत्या का?"

"पण आप्पा, तुम्ही दिलाय म्हटल्यावर..."

"कुणी का दिला आसंना. सुरवातीला आलेला डबल कुणी सोडतं व्हय? लाल दाबायचं ते शेवटाला, समदं डोळ्यांनी बघून!"

*

झटक्यानंतर आप्पांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, ‘व्हय’.

"चहा घेता?" "व्हय." "नको ना चहा?" "व्हय." बाळू भेटायला आला आणि हसवायला म्हणून म्हणाला, "आप्पा, मी तुमच्यापेक्षा भारी खेळतो ना?" "व्हय." बाळू अंगणात जाऊन रडला.

आप्पांचा मुलगा महेश पुण्याला असतो. पोरगा वाईट नाही, उलट फार मायेचा. त्यानं ठरवलं, घराला कुलूप लावायचं आणि दोघांना पुण्याला न्यायचं.

काकू म्हणाल्या, "आरं, पर त्यांना इचारलंस का?"

"विचारलं की आई! ‘पुण्याला यायचं ना?’ म्हटलं, तर ‘व्हय’ म्हणाले."

डॉक्टरांनाही खात्रीनं सांगता येईना की त्यांना किती समजतंय. काकूंनी मग भांडी बांधायला घेतली. मला ते बघवेना.

*

जायच्या दिवशी सकाळी मी गेले. दारात गाडी उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या. महेश माझ्या पहिल्या बॅचचा विद्यार्थी, त्यामुळं परवानगी वगैरे काही मागितली नाही. म्हटलं, "एक डाव खेळणार आहे आप्पांबरोबर. थांब जरा."

आप्पांच्या डाव्या हाताखाली त्यांचा मोबाईल ठेवला. अंगठा थरथरत होता, पण खेळी बरोबर पडत होती. फासेच माझ्या बाजूनं होते. डाव संपत आला, माझी जीत दिसायला लागली, तेव्हा मी डबल टाकला. आप्पांनी पाटावरून नजर फिरवली आणि लाल दाबलं.

"मॅडम, चुकून लागलं असेल ते," महेश म्हणाला. "बोट कापतंय त्यांचं."

"बरं. आता तू विचार, मागं विचारलंस तेच."

दुसरा डाव मांडला. पहिली खेळी आप्पांची झाली आणि मी लगेच डबल टाकला. महेश वाकून म्हणाला, "आप्पा, पुण्याला यायचं ना?"

"व्हय," आप्पा म्हणाले. आणि अंगठा लाल बटणावर गेला. "सुरुवातीचा डबल कधीच न सोडणारा माणूस आहे हा," मी महेशला म्हटलं.

"आप्पा?" महेश म्हणाला.

"व्हय. व्हय." डोळ्यांतून पाणी, आणि अंगठा तिथंच दाबून धरलेला.

काकू पदर तोंडाला लावून दारात उभ्या. महेशनं माझ्या हातातला मोबाईल घेतला. त्याला यातलं काही येत नाही, मीच नवा डाव लावून दिला. पुन्हा पहिली खेळी आप्पांची. महेशनं विचारलं, "डबल कुठाय?" मी दाखवलं. त्यानं दाबलं आणि बापापुढं उकिडवा बसला.

"आप्पा, इथंच राहायचंय का तुम्हाला?"

"व्हय."

अंगठा वर उचलला गेला. मग हळूहळू सरकत हिरव्यावर आला आणि टेकला.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. महेश उठला नाही. आप्पांनी डाव्या हातानं त्याच्या हातातल्या मोबाईलवर टकटक केलं, एकदा, पुन्हा एकदा.

महेशनं माझ्याकडं बघितलं. "मॅडम, आता मी काय करू?"

"फासे टाक," म्हटलं. "पाळी तुझी आहे."