उकळलेलं पाणी

"आदी पानी पी, मगे बोल." दारात कोणीही उभं राहिलं की काकी तांब्या पुढे करायची. पाणी पोटात जाईपर्यंत तुमचं एक अक्षर ऐकून घ्यायची नाही. मीटर बघायला आलेल्यालाही हाच नियम, वर गुळाचा खडा.

लालबागला राहिला असाल तर अशी खानावळवाली तुम्ही पाहिली असेल. मालवणकडची, गिरण्या बंद झाल्या तरी चूल बंद न केलेली. मी ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. एकटा जीव, तिच्या शेजारच्या खोलीत राहायचो आणि दोन्ही वेळ तिच्याकडे जेवायचो. आमटी तिखट लागली म्हटलं की ती म्हणायची, "मगे दूधभात खा, बाळा." बाळ तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचं होतं.

चाळ पाडायला घेतली तेव्हा बिल्डरने आम्हाला रे रोडला, लाकडाच्या एका जुन्या वखारीच्या जागेवर पत्र्याच्या खोल्यांत नेऊन टाकलं. नळाला पाणी जेमतेम तासभर, म्हणून त्याने बोअर मारली. काकीने पहिल्याच दिवशी पंपाला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला, गावी नव्या विहिरीला करतात तसा. घोटभर चाखून म्हणाली, "आमच्या बावीचा पानी!" तिने इतकं कौतुक केलं, की नळाचं पाणी आम्ही धुण्याभांड्याला ठेवलं आणि बोअरचं प्यायलो. शहाणी माणसं आम्ही!

एकदोघांनी शंका काढली तेव्हा बिल्डरचा साइटवरचा साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. "उकळून प्या हो, काही होत नाही." काकीने ते मनावर घेतलं. मोठ्या टोपात पाणी रटरटत ठेवायची, निम्मं होईतो. काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, पोट नाजूक होतं.

चार वर्षांत काकांचे तळपाय जाड होऊन फाटले. एक जखम काळी पडली ती भरलीच नाही. कातडीचा कॅन्सर म्हणाले, तो का झाला ते कोणी विचारलं नाही. काका गेले. काकीच्या तळहातांवरही डाळीएवढे टणक दाणे उठले होते. "भाकऱ्यो थापून झाला आसतला," ती म्हणाली, आणि मलाही ते पटलं.

शेवटी मी तिला ओढतच परळच्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "पाणी कुठलं पिता?" मग पाणी तपासलं, नखं तपासली, केस तपासले. आर्सेनिक निघालं. म्हणजे आपला सोमल, मी काकीला सांगितलं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून वखारीत जे औषध मारायचे, ते जमिनीत मुरून खालच्या पाण्याला लागलं होतं.

"मी उकळून देय होतंय," काकी म्हणाली.

"उकळून तो जात नाही, आजी. पाणी आटतं, सोमल तेवढाच राहतो."

बसस्टॉपवर तिने तळहात उलटून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे मियाच घोवाक पाजलंय." तुझा काय दोष, असं मी म्हटलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिने सगळ्यांना नळाचं पाणी प्यायला लावलं, पण कारण कोणाला सांगू दिलं नाही. आठवड्याने साहेब नव्या इमारतीची खुशखबर घेऊन आला, सगळे जमले. काकीने तांब्या आणि गूळ पुढे केला. साहेबाने गूळ खाल्ला.

"पानी पी, साहेबा."

"नको, आत्ताच प्यालो."

"उकळलेला आसा. तूच सांगलंस."

साहेबाचा हात बॅगेतल्या स्वतःच्या बाटलीकडे गेला. सगळ्यांनी पाहिलं.

"तेका ठावक होता," काकी म्हणाली, आणि तांब्या त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर रिकामा केला. मी तिला अडवलं नाही. खरं सांगतो, जिवाला थंड वाटलं.

बोअर बंद झाली, टँकर येऊ लागला. लोक म्हणाले, झालं ना, आता देव बघून घेईल. "देव बगीत. पन आदी मी बगतलंय." काकीच्या नावाने तक्रार मी लिहिली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या, पण एवढ्या चवीने कधी लिहिलं नव्हतं. प्रत्येक सुनावणीला ती तळहात टेबलावर पसरून बसायची. साहेबाबद्दल म्हणायची, "तो मराक नको. जगाक व्हयो, आसले हात घेवन." मला हे वाक्य आवडायचं. अजून आवडतं.

शेवटी शेवटी तिच्या बोटांना घास कळेना. मी भरवायचो, तर म्हणायची, "तिकट घाल रे जरा." तिलाही कॅन्सर झाला होता, फुप्फुसांत पसरला होता. मार्गशीर्षात ती गेली.

पुढच्या तारखेला साहेबाचा वकील म्हणाला, तक्रारदार हयात नाहीत, दुसरा कोणी बाधित पुढे आलेला नाही, प्रकरण बंद करावं. साहेबाने खुर्चीत पाठ टेकली.

मी उठलो आणि शर्टाची बटणं काढली. छातीभर ठिपके आहेत, काही पांढरे, काही काळे. दोन वर्षं झाली. काकीला कधी दाखवले नाहीत. तिने पोटभर जेवू घातलेला आणखी एक माणूस तिने कशाला स्वतःच्या माथी घ्यावा?

साहेब घाईघाईने समोरचे कागद वाचू लागला.

"वर बघा," मी म्हणालो.