भिंत बसी ऱ्हायनी

या सदरात लोक जे लिहितात ते माझी सून मला दुपारी वाचून दाखवते. त्यातलं निम्मं मला पटत नाही. आमच्या घरात भगत, उतारा, अंगारा या गोष्टींना कधी थारा नव्हता. सासरे तर पोरांना ताप आला की गाडी जुंपून थेट शहाद्याच्या डॉक्टरकडे नेणारे. कुणी झपाटलं-बिपाटलं म्हणालं की ते म्हणायचे, "पोट साफ कर." मीही तशीच. तरी एक गोष्ट पोटात आहे... ती सुनेला सांगितली, तर ती म्हणाली लिहून पाठवू. मी सांगतेय, ती लिहितेय.

आमचं गाव शहादा तालुक्यात, प्रकाशाच्या खालच्या अंगाला, तापीच्या अगदी काठावर. आता जिल्हा नंदुरबार म्हणतात, तेव्हा धुळ्याकडे होता. साठ साल उजाडायच्या आतली गोष्ट. उकाईचं धरण व्हायचं होतं, त्यामुळे तापी आमच्या दारावरून जी जायची ती मोकळी थेट सुरतेला. माझा धाकटा भाऊ सुकलाल तिथंच होता, मागाच्या कारखान्यात. नदीकाठच्या एका चाळीत खोली, सोबत आमच्याच तालुक्यातला हिंमत नावाचा मुलगा. दोघांची रात्रपाळी.

त्या भादव्यात चार दिवस पाऊस थांबलाच नाही. नवरा बैलगाडी घेऊन शहाद्याला गेला तो तिकडेच अडकला. घरात सासू, सासरे, मी आणि माझी आठ महिन्यांची मुलगी. पाचव्या दिवशी पहाटे अंगणात पाणी आलं. दिवस उजाडेपर्यंत उंबऱ्यावर. आम्ही म्हैस सोडून दिली, पिठाचा डबा आणि गोधड्या घेतल्या, शिडीनं धाब्यावर चढलो आणि शिडी वर ओढून घेतली. तुमच्यातल्या ज्यांना धाबं माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे घराला सपाट मातीचं छप्पर असायचं, त्यावर माणसं झोपतात, मिरच्या वाळवतात. भिंतीही मातीच्याच, हातभर रुंद.

मग सुरू झालं ते नुसतं बसून राहणं.

चहूकडे पाणी. तांबडं, जड, आवाज करणारं पाणी. अंगणात जमिनीखाली ज्वारी साठवायचं पेव होतं, त्यात पाणी शिरलं तेव्हा खालून गडगड बुडबुडे येत राहिले. वरून गवताच्या गंजी, आख्खी छपरं, बाभळी, मेलेली जनावरं वाहत येत होती. दोन साप आमच्या धाब्याच्या कोपऱ्यात येऊन बसले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, आम्ही त्यांच्याकडे. कुठंतरी नाव आलीय असं कुणीतरी ओरडलं होतं, म्हणून मी सकाळपासून उभी राहून हाका मारत होते. सासऱ्यांचा पाय अधू, सासूचा आवाज बारीक, ओरडणार कोण? ओरडून ओरडून माझा घसा बसला. बसला म्हणजे पार गेला. दुपारी मला पाणी हवं होतं तेही मी सासूला खुणेनं सांगितलं.

आमच्या धाब्याला लागून चार हातांचा एक बोळ, आणि बोळापलीकडे सासऱ्यांच्या चुलतभावाचं घर. ते विटांचं, पक्कं, उंचीला आमच्याइतकंच. त्यांच्या धाब्यावर पंधरा-वीस माणसं होती. पण विहिरीच्या पाण्यावरून सात वर्षं आमचं बोलणं बंद. सकाळी त्या घरच्या काकूनं हात करून बोलावलं होतं. सासऱ्यांनी पाठ फिरवली. म्हणाले, पूर आला तसा उतरेल, मी त्याच्या छपरावर पाय ठेवणार नाही. मला राग आला होता, पण तेव्हा सुनेनं काय बोलायचं... आणि बोलायला घसाही नव्हता.

दुपार टळायला लागली होती. किती वाजले असतील ते सांगता येणार नाही, घड्याळ आमच्याकडे नव्हतं आणि सूर्य तर नव्हताच. मुलगी मांडीवर निजली होती. मी बोळाकडे बघत होते. आमची बैलगाडी नवऱ्यानं नेलेली, पण काकूंची गाडी त्या बोळात उभी असायची, ती केव्हाच बुडाली होती. म्हणजे तिथं पुरुषभराच्या वर पाणी होतं.

त्या पाण्यात सुकलाल उभा होता.

गुडघाभर पाण्यात उभं राहावं तसा. अंगात बनियन, खाली लुंगी, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. पाणी त्याच्या पायांना अडत नव्हतं, त्याच्यामागून एक ओंडका आला आणि तो होता तिथूनच पुढे गेला. मी घाबरले नाही. खरं सांगते, मला फक्त एवढंच वाटलं की हा सुरतेहून आला कसा. त्यानं मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात, जेवायला चल म्हणावं तसं, म्हणाला,

"भिंत बसी ऱ्हायनी. आठे नको थांबू."

म्हणजे भिंत बसतेय, इथं थांबू नको.

मी मुलीला छातीशी धरून उठले आणि धाब्याच्या कडेला गेले. बोळात फक्त पाणी होतं.

सासूनं विचारलं काय झालं. मला सांगताच येईना. मी सासऱ्यांचा हात धरून ओढलं, बोळाकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं हिला भुकेनं भ्रम झाला. ते जागचे हलेनात. मग मी शिडी उचलली, बोळावर आडवी टाकली, लुगड्याच्या पदरानं मुलगी पाठीला घट्ट बांधली आणि हातपाय टेकत शिडीवरून पलीकडे निघाले. खाली बघायचं नाही एवढंच ठरवलं होतं. पलीकडून काकूनं माझी मनगटं धरली आणि ओढून घेतलं. मी वळून सासऱ्यांकडे पाहिलं. नात पलीकडे गेली म्हटल्यावर ते आणखी किती वेळ बसणार होते? आधी सासू आली. मग सासरे, अधू पाय ओढत, शिडीवर पालथे पडून. ज्या चुलतभावाशी सात वर्षं बोलले नव्हते त्यानंच त्यांना काखेत धरून वर घेतलं.

आम्ही अजून दम खात होतो, तेवढ्यात आमच्या घराची नदीकडची भिंत खाली बसली. पडली नाही, बसली, ओल्या ढेकळासारखी. तिच्यामागे धाबं गेलं, गोधड्या, पिठाचा डबा, ते दोन साप, सगळं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरू लागलं. सांगण्याइतका आवाज मला तिसऱ्या दिवशी आला. सासूनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जाणारा जीव निरोप घ्यायला येतो, असं आमच्याकडे म्हणतात. ती ते बोलली नाही, पण मला कळलं. त्यातच शहाद्याहून नवरा आला तो बातमी घेऊन, की तेच पाणी पुढे सुरतेत शिरलं आहे, अर्धं शहर बुडालं, गाड्या बंद, तारा बंद. मी माहेरी निरोपही पाठवला नाही. आईला काय सांगणार होते? तुझा मुलगा मला दिसला म्हणून? बारा दिवस मी चिखल उपसला, भाकरी केल्या, मुलीला पाजलं, आणि आतून एका बंद खोलीत बसल्यासारखी होते. कुणापाशी रडताही येत नव्हतं, कारण अजून कुणी मेल्याचं कळलं नव्हतं.

तेराव्या दिवशी सुकलाल आला. थोडं पायी, थोडं रुळांच्या कामाच्या गाडीतून नंदुरबारपर्यंत, आणि तिथून चालत. आम्ही काकूंच्याच ओसरीवर राहत होतो. तो अंगणात उभा राहिला आणि माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला,

"अक्का, तू जित्ती शे?"

तू जिवंत आहेस का, हे मी त्याला विचारणार होते, तेच त्यानं मला विचारलं.

पाणी प्यायला, जरा टेकला, मग सांगू लागला. सुरतेत पाणी यायच्या आदल्या दिवशी, म्हणजे आम्ही धाब्यावर होतो त्याच दिवशी, दुपारी तो खोलीत बसला होता. रस्ता कोरडा होता, नदी फुगली आहे एवढीच चर्चा. हिंमत पाळीसाठी झोप काढत होता. सुकलालनं नुकतीच तंबाखू तोंडात धरली होती. तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून माझा आवाज आला. तो उठून मागे गेला तर कुणीच नव्हतं. पुन्हा येऊन बसला, तर पुन्हा तेच, आता कानाशी. त्यानं तंबाखू थुंकली, पत्र्याची पेटी उचलली आणि हिंमतला हलवलं. हिंमत हसला. म्हणाला, बहिणीची आठवण येत असेल तर गावी जाऊन ये, मला झोपू दे. सुकलाल स्टेशनाकडे उंचावर एका ओळखीच्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी शहरात शिरलं. चाळीची मागची भिंत सकाळी गेली. हिंमत तिच्याखाली होता.

नंतर त्यानं शहराचं सांगितलं. रस्त्यात कमरेइतका गाळ, कारखान्यांत मागांच्या रांगाच्या रांगा चिखलात बुडालेल्या, सुताची रिळं भिजून भाकरीसारखी फुगलेली, आणि एवढ्या मोठ्या गावात एकाही मागाचा आवाज नाही. त्याला ती शांतता सहन झाली नाही, म्हणून तो निघाला.

मी विचारलं, आवाज काय म्हणाला?

"भिंत बसी ऱ्हायनी. आठे नको थांबू." असंच. जसंच्या तसं. "तूच बोलनी ना, अक्का?"

मी सासूकडे पाहिलं. तिनंच त्याला सांगितलं की त्या दुपारी हिच्या घशातून हुं की चूं निघत नव्हतं, सासऱ्यांनाही हिनं हाताला धरून ओढलं. मग मी त्याला माझं सांगितलं, बोळातलं. तो म्हणाला, "मी तर तोंडात तंबाखू धरीसन गप बठेल व्हतू."

दोन दिवसांनी आम्ही हिंमतच्या आईकडे गेलो, दोन कोसांवर. सुकलालनं तिला काही लपवलं नाही. ती रडली नाही. एकच बोलली.

"तुले माहीत व्हतं, ते त्याले वढीसन का नही लई उना, भाऊ?"

म्हणजे, त्याला ओढून का नाही घेऊन आलास. सुकलाल उठला आणि गोठ्यामागे जाऊन उभा राहिला. सुरतेला तो पुन्हा कधी गेला नाही. शेती केली, लग्न केलं, आणि दर दिवाळीला त्या बाईला लुगडं नेऊन देत असे, ती असेपर्यंत.

सून म्हणते याला टेलिपॅथी म्हणतात. असेल. पण टेलिपॅथीत एक जण तरी बोलतो ना? त्यानं ऐकलं त्या वाक्याचा विचारही तोवर माझ्या मनात नव्हता, भिंत बसतेय हे मला ठाऊकच नव्हतं, आणि त्याच्या चाळीपाशी तर तेव्हा पाणीच नव्हतं. आम्ही दोघांनी म्हातारे होईपर्यंत हे कितीदा तरी उलटंपालटं करून पाहिलं. सुकलाल गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी उशाशी बसले होते, तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, खरं सांग, तूच होतीस ना? हो म्हटलं असतं तर कदाचित त्याला बरं वाटलं असतं. मी म्हणू शकले नाही. मी बोलले नव्हते. तोही बोलला नव्हता. आणि जो कोणी बोलला, त्यानं हिंमतला का हाक मारली नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.