वाघोबाचं पान

चंदनसारच्या वाचनालयात यमुना वरठाला झाडू मारायला लागून एकोणीस वर्षं झाली. शिक्षण सातवी. पण कपाटं पुसता पुसता बाईनं किती वाचलंय, हे एकाही सभासदाला ठाऊक नव्हतं. झाडूवालीला कोण विचारतंय!

तिचा वारल्यांचा पाडा मागच्या टेकडीखाली, तळ्याच्या काठी. टेकडीवर वाघोबा, म्हणजे वाघ कोरलेला लाकडी खांब. वाघबारशीला अख्खा पाडा तिथे नारळ आणि कोंबडं घेऊन जातो. यंदा त्याच टेकडीवर इमारतींचा नकाशा मंजुरीला आला. बिल्डरचा वकील म्हणाला, हा खांब कुणीतरी परवा-परवा मुद्दाम पुरलाय. सुनावणीच्या साहेबांनी सांगितलं, जुना लेखी पुरावा आणा, तोही मूळ. झेरॉक्स चालायची नाही.

आता वारल्यांचं लेखी कुणी ठेवलंय? पण यमुनेला आठवलं. खालच्या कपाटात कुणा जुन्या मामलेदारानं लिहिलेलं या मुलखाचं वर्णन होतं. त्यात होतं, वारली ही आळशी, दारुडी, चोरटी जात. तळ्यावरच्या टेकडीवर लाकडी वाघापुढे कोंबडी कापून नाचते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. या वेळी तेच पान बघून तिचे डोळे भरून आले. तळं होतं, टेकडी होती, वाघ होता.

इथेच बाई चुकली. पुस्तक पिशवीत घालून न्यायचं सोडून ती परवानगी मागायला गेली. एकोणीस वर्षांत तिनं तिथला कागदाचा कपटा बाहेर नेला नव्हता. चोरटी म्हणवून घ्यायची भीती, दुसरं काय!

अध्यक्ष चंद्रहास सर निवृत्त शिक्षक, माणूस भला. पान वाचून त्यांचा चेहरा उतरला. हेच पान त्यांनी एके काळी वर्गात वाचून दाखवलं होतं. पोरं खदाखदा हसली होती, आणि मागच्या बाकावर दोन वारली मुलं खाली मान घालून बसली होती. यमुनेनं सुनावणीचं दोनदा सांगितलं, पण सरांचं लक्ष कुठे होतं? "याचं मी बघतो," म्हणत त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं. तिला वाटलं, सर स्वतः सुनावणीला येणार. ती निर्धास्त झाली.

आदिवासी दिनाला वाचनालयानं तिला खुर्चीवर बसवलं, शाल घातली. चिटणीस संपदानं भाषण केलं की शतकांच्या अपमानाचं आज प्रायश्चित्त. मग व्हरांड्यात घमेल्यात जाळ केला आणि आदिवासींना हिणवणारं एकेक पुस्तक आत जाऊ लागलं. मामलेदाराचं पुस्तक सरांच्या हातात दिसलं तशी यमुना उठली, म्हणाली, सर, ते नको. सरांना वाटलं, हिला ते बघवत नाहीये. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुस्तक टाकलं. टाळ्या काय वाजल्या! सगळ्यांची मनं हलकी झाली, फुकटात.

कार्यक्रमानंतर यमुनेनं पुन्हा सुनावणीचं सांगितलं. सरांना खरं कळलं तेव्हा ते हादरले. धावपळ करून त्यांनी वाचनालयाच्या कागदावर पत्र दिलं: अमुक ग्रंथात आदिवासी बांधवांविषयी अनुचित मजकूर होता, तो आम्ही नष्ट केला. तो मजकूर पुन्हा लिहायला त्यांचा हात धजावला नाही, आणि वाघोबा त्याच मजकुरात होता. सोमवारी सुनावणीत बिल्डरच्या वकिलानं पत्र वाचलं आणि विचारलं, यात टेकडी कुठे आहे? सरांनी तोंडी सांगायला सुरुवात केली. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि 'पुरावा नाही' असं लिहून टाकलं.

बाहेर आल्यावर सरांनी हात जोडले. म्हणाले, माफ करा यमुनाबाई, आम्हाला तुमचा अपमान पुसायचा होता.

"सर, त्यात आमाला शिव्या व्हत्या," यमुना म्हणाली, "पन आमी हितं व्हतो, ह्ये पन लिवलेलं. तुमी दोनी पुसलंत."