बेचकीसारखी गिटार

आमच्या घरात सगळे मेंढरांमागे. दादाचा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला, म्हणून त्याला सोनपेठात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसवलं. तिथं परभणीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं विजेवरची बिघडलेली गिटार आणली. दोन टोकं फाकलेली, कुंपणाच्या बेचकीसारखी. तिचा इतिहास त्यानंच सांगितला. परदेशात ही पहिल्यांदा निघाली तेव्हा लोक हसले, कुणी घेईना, कंपनीनं बनवणंच बंद केलं. पुढं काही वर्षांनी लोक तीच शोधत फिरू लागले. दादा हा इतिहास आम्हाला इतक्यांदा ऐकवायचा की आई वैतागायची.

त्यानं हुबेहूब तशीच घडवली. लाकूड पडलेल्या कडुनिंबाचं, आतलं सामान दुकानातलं. पण आमच्याकडं पेटी असो की एकतारी, बैठक मारूनच वाजवायची. हीसुद्धा तशीच वाजेल, असं त्यानं धरून ठेवलेलं. मांडी घालून बसला की ती घसरून भुईला टेके. पट्टा गळ्यात अडकवून उभं राहावं, तर पाय साथ देईना. दादा तोंड फिरवून रडला. मला असा संताप आला की ती चुलीत घालावीशी वाटली.

बापूंनी, आमच्या वडलांनी, हे पाहिलं. रानात मेंढक्या उभा राहतो तो काठी काखेत घेऊन, सगळा भार तिच्यावर टाकून. बापूंची काठी त्यांच्या वडलांची, आम्हाला हातही लावू देत नसत. ती त्यांनी दादाच्या काखेला लावून पाहिली. उंच झाली, तशी खालून चार बोटं कापून टाकली.

"भार काठीवर दे. हात मोकळे ऱ्हातेत," बापू म्हणाले. "बघ, उभा ऱ्हायलास की!"

ऑर्केस्ट्रावाल्यानं दादाला सोनपेठच्या कार्यक्रमात घेतलं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज बंद, उद्या संचारबंदी. कार्यक्रम दोनदा रद्द झाला. अखेर झाला तेव्हा दादा काठीवर रेलून उभा राहिला आणि गाणं सुरू झालं. लय गोड वाजवत होता तो. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ए मेंढक्या, मेंढरं कुठं सोडलीस?" सगळा मांडव हसला. मेल्यांना गाणं ऐकूच आलं नाही. दादानं ते गाणं पुरं केलं आणि खाली बसला. पुन्हा त्याला बोलावणं आलं नाही.

"पहिल्यांदा हसतेतच गं," घरी येताना तो मला म्हणाला. "मग मागायला येतेत."

पुढच्याच वर्षी काविळीनं तो गेला.

नंतर बऱ्याच काळानं ऑर्केस्ट्रावाला आमच्या दारात आला. परभणीत आता पोरांना तसलीच गिटार हवी होती. दादाचा इतिहास खरा निघाला होता, आणि ऐकायला दादा नव्हता. मी त्याला हाकलणारच होते. बापूंनी एवढंच विचारलं, "उभ्यानं वाजवनार का?"

तो हो म्हणाला. बापूंनी गिटार पुसून त्याच्या हाती दिली. त्यानं भिंतीशी टेकवलेल्या काठीकडं पाहिलं, तसे बापू म्हणाले, "ती न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते तीच काठी घेऊन मेंढरांमागे गेले. भाकरी घेऊन मी रानात गेले, तर बापू तिच्यावर रेलून उभे होते. काठी चार बोटं कमी होती, म्हणून ते एका अंगानं वाकले होते. लांबून पाहिलं तर दादाच उभा होता.