मधले पंख

तळेगाव ढमढेऱ्याच्या सुभानला शिरूर तालुक्यात कोण ओळखत नव्हतं? जत्रा कुठल्याही देवाची असो, पालखी देवळात परतली की लोकांच्या माना वर व्हायच्या त्या सुभानच्या बाणांसाठी. शोभेच्या दारूचं काम त्याच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं. माणूस दिलदार, पण हट्टी. एकदा डोक्यात काही घेतलं की बायकोचंच काय, पिराचंही ऐकायचा नाही. आणि गंमत म्हणजे निम्मं काम तर बायकोच करायची. कागदाच्या नळ्या रशिदा वळायची, खळ ती लावायची, उन्हात फिरवून वाळवायची तीच. सुभान दारू ठासायचा आणि मिशीला पीळ द्यायचा.

बाणाला बांबूची लांब काडी बांधायची, ही जुनी रीत. काडीच्या शेपटामुळं बाणाचं तोंड वर राहतं, तो भरकटत नाही. पण बाण फुटला तरी काडी कधीकधी जळतच खाली येते. एका वर्षी मांडवगण फराट्याजवळच्या एका वाडीच्या जत्रेत अशी काडी गेणबा धनगराच्या कडब्याच्या गंजीवर पडली आणि सगळा चारा डोळ्यांदेखत राख झाला. गेणबा सज्जन माणूस, तो एका शब्दानं भांडला नाही. पंचांनी मात्र बजावलं, इथून पुढं काडीचा बाण आमच्या वाडीत नको. सुभानला पंचांचं काही वाटलं नाही. गेणबाची जनावरं उन्हाळाभर हाडं दाखवत फिरली, ते मात्र त्याच्या फार जिव्हारी लागलं.

त्या दिवसांत पेपरात रशिया-अमेरिकेच्या रॉकेटचे फोटो यायचे. न्हाव्याच्या दुकानात असाच एक फोटो सुभानच्या नजरेला पडला. एवढं थोरलं रॉकेट, पण त्याला काडी नाही. बुडाशी नुसते पंख. दाढी अर्धवट टाकून तो घरी आला आणि रशिदाला म्हणाला, आता आपलेही बाण पंखांचे.

रशिदानं चहाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. तो पेटू नये म्हणून तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवला आणि बोटभर पंख कापले. पहिला बाण हवेत कोलांट्या खात बाभळीत घुसला. मग तिनं त्याहून मोठे कापले, आणि सुभाननं सांगितलं म्हणून आणखी मोठे, पार तळहाताएवढे. दारू वाया घालवण्यापेक्षा सुभाननं एक युक्ती काढली. बाण बोटावर जिथं समतोल राहतो तिथं दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचा. तोंड पुढं राहिलं तर पंख पुरेसे, शेपूट पुढं आलं तर कमी. मधल्या पंखांचा बाण जरा डळमळून तोंडावर आला. मोठ्या पंखांचा तर पहिल्याच फेऱ्यात तोंड पुढं करून पळाला. सुभान खूश झाला.

रशिदाला मात्र ते पटलं नाही. "मधलेच बास हायेत," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या पंखाला वारा धरंल. बाण वाऱ्याकडं तोंड वळवंल."

सुभान हसला. फिरवून दाखवलं तरी हिला कळत नाही, असं काहीतरी बोलून त्यानं मोठेच पंख चिकटवले. खरं तर त्याच्या डोळ्यांपुढं अजून ती गंजीच जळत होती. बाण जितका घट्ट सरळ जाईल, तितकं लोकांना भय कमी, एवढाच त्याचा हिशेब. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

त्याच वाडीच्या पुढच्या जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला भीमेकडून वारा सुटला. दारूकाम करणाऱ्यांची एक पद्धत असते. ठिणग्या आणि विझलेल्या नळ्या वाऱ्याबरोबर जातात, म्हणून त्या अंगाची गर्दी हटवायची. आणि घरच्या माणसांना बसवायचं वारा येतो त्या बाजूला. तिकडं ना धूर, ना निखारा. सुभानच्या बापानं त्याच्या आईला आयुष्यभर तिथंच बसवलं होतं. सुभाननं रशिदासाठी स्वतःच्या हातानं तिथंच घोंगडी अंथरली आणि वातीला जाळ लावला.

बाण जमिनीत उभ्या रोवलेल्या सळईवरून सुटला आणि सुटताक्षणी वाऱ्यानं त्याचे पंख मागं ढकलले. तोंड वाऱ्याकडं वळलं. त्यानंतर त्यानं तसूभरही दिशा सोडली नाही. जमिनीलगत, अगदी सरळ, घोंगडीवर गेला.

गेणबानं आपली बैलगाडी जुंपून रशिदाला दौंडच्या दवाखान्यात पोचवलं. जीव वाचला. दोन्ही डोळे गेले.

सुभाननं धंदा बंद केला. जत्रांची बोलावणी यायची, तो हात जोडायचा. चूल पेटवायचा, भाकरी थापायचा, रशिदाला हाताला धरून विहिरीवर न्यायचा. रशिदानं त्या पंखांचा विषय कधी काढला नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात ती म्हणाली, "मधल्या पंखांचा बाण हाय का अजून? एकदा सोडा. वारा असंल तवा." सुभाननं पुष्कळ टाळलं. ती हट्टाला पेटली. शेवटी एका संध्याकाळी, वारा भरात असताना, तो तिला माळावर घेऊन गेला. या खेपेला तिला आपल्या अंगाशी बसवलं आणि वात पेटवली.

बाण वाऱ्याकडं किंचित कलला, सावरला आणि सरसर वर गेला. उंच जाऊन फुटला.

"कुठं गेला?" रशिदानं विचारलं.

सुभानच्या मनात आलं, वर गेला म्हणावं, तर हिचे डोळे आपल्याच हट्टापायी गेले हे आज पक्कं झालं.

"आडवाच गेला," तो म्हणाला. "वाऱ्याकडं वळला."

रशिदानं आभाळाकडं तोंड केलं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "बार तर माझ्या डोईवर झाला."

सुभान तिथंच ढेकळांत बसून लहान लेकरासारखा रडला. तिनं चाचपडत त्याचा खांदा शोधला आणि तो रडायचा थांबेपर्यंत त्यावर हात ठेवून बसून राहिली.