देव, नाडा आणि आत्याबाई

नवी नवरी असताना मी सासरचे सगळे देव विहिरीत बुडवले. चुकून नव्हे, चांगले हात जोडून, टोपलीत बसवून. त्यांच्यासोबत घरातला एकुलता एक मोठा नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, तोही घालवला. आणि हे सगळं कधी, तर नवरा पुरात अडकलेला असताना. नातवंडं विचारतात, आजी, तू तरुणपणी हुशार होतीस का गं? मी म्हणते, होते की, पण लग्नात सामान बांधताना हुशारी माहेरीच राहिली.

पण गोष्ट माझी नाही, आत्याबाईंची आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बुटक्या, काटक, आणि चालताना पदर असा खोचलेला की जणू कुठंतरी आग लागली आहे आणि विझवायला याच निघाल्यात. गेल्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा कयाधूकाठचं आमचं सगळं गाव आलं होतं, आणि रडता रडता निम्मं गाव त्यांच्या बोलण्याच्या नकला करत होतं.

त्यांची देवपूजा ऐकण्यासारखी असे. माझ्या माहेरी देवाशी कुजबुजत बोलत. इथं आत्याबाई हात जोडायच्या आधीच त्याला कामं सांगायच्या. गाय आटून राहिली, तिकडं ध्यान दे. माझ्या किसनचा खोकला अजून गेला न्हाई, काहून? सालगड्याला विचारावं तसं विचारायच्या आणि मग शांतपणे फूल वाहायच्या. मला वाटे, ही बाई एक दिवस सगळ्या घरावर कोप आणणार. मी मागं उभी राहून त्यांच्या वतीनं गुपचूप कान धरून माफी मागायची.

रानातून गवताचा भारा आणायचा तर तो डोक्यावर घ्यायला दुसऱ्या कुणाचा हात लागतो. कुणी नसलं की बाया वाट बघत उभ्या राहतात. आत्याबाई उभ्या राहत नसत. “देवा, वरून धर,” म्हणायच्या, भारा बांधावर टेकवायच्या, गुडघा लावायच्या, की आलाच डोक्यावर. मी एकदा खोडीनं विचारलं, धरला का खरंच त्यानं? चालता चालता म्हणाल्या, “धरला नसता तर मान मोडली असती की माय. पर तो काही घरापोतर येत न्हाई. चालायचं आपलं आपुन.”

तर त्या दिवशी काय झालं. आमचे हे, म्हणजे त्यांचा किसन, आदल्या दिवशी बैलगाडी घेऊन कळमनुरीच्या बाजाराला गेले होते, ते परतलेच नाहीत. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस पडून नदी फुगली होती. सकाळी कुणीतरी ओरडत आलं, की किसन नदीतल्या उंचवट्यावर अडकलाय, बैलांसकट, आणि पाणी चढतंय. आत्याबाईंनी हातातलं पीठ तसंच परातीत टाकलं आणि धावता धावता मला काहीतरी सांगितलं. माझ्या कानात तेव्हा नुसती घरघर चालली होती. त्यातून मला ऐकू आलं ते असं: “देव पाण्यात ठेव.”

ही तर आपली रीतच. संकट टळेपर्यंत देवाला पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे तो कासावीस होऊन आपलं काम लवकर करतो. मी देव्हाऱ्यातले देव उचलले. भवानीचा टाक, खंडोबाचा टाक, दोन जुने झिजलेले टाक आणि पितळेचा बाळकृष्ण. ताम्हणात पाणी घेतलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, हाच तो घात. एवढा मोठा पूर, आणि देवाला भीती घालायला हे ओंजळभर पाणी? मी विहीर गाठली. देव म्हणजे काय बादली आहेत, साध्या दोरीनं सोडायला? मोट बंद पडल्यावर आत्याबाईंनी जपून ठेवलेला तिचा मनगटाएवढा नाडा काढला, एक टोक टोपलीला, दुसरं खांबाला बांधलं. जाड नाड्याला गाठ बसत नाही, हे आमच्या शहाणपणाला कुठलं ठाऊक? खांबावरची गाठ सुटली आणि सरसर करत सगळा नाडा देवांच्या मागोमाग खाली गेला.

मी काठावर बसून वाकून बघते आहे, तोवर आत्याबाई धापा टाकत परत आल्या. नदीवर शेजारचे युसूफभाई पोहत जायला तयार होते, पण कमरेला बांधायला तेवढा लांब, मजबूत दोर गावात एकच होता. आमचा.

“नाडा कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

मी विहिरीकडं बोट दाखवलं.

“अन् पाणी ठेवलं का चुलीवर?”

“चुलीवर? तुम्ही तर म्हणालात, देव पाण्यात ठेव.”

“देवाला सांग, अन् पाणी ठेव, म्हन्ले होते मी. पोरगं गारठून येईल म्हणून.”

मला वाटलं, आता ही बाई मलाही देवांच्या सोबतीला धाडणार. त्यांनी एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि शेजारून विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ आणायला पळाल्या. गळ आत सोडला. पहिल्यांदा नुसता चिखल आला. दुसऱ्यांदा गळ कशाततरी अडकला आणि सुटला. तिसऱ्यांदा त्या दात ओठ खाऊन म्हणाल्या, “वर ढकल रे, आत बसून काय करून राहिला तू?” आणि गळाला नाडा आला! आम्ही दोघी मागं झुकून ओढत सुटलो. शेवटी टोपली वर आली. आत्याबाईंनी ती हिसडून सोडवली, ओले देव माझ्या पदराच्या ओट्यात ओतले आणि नाडा खांद्यावर घेऊन पळाल्या. मी ओटा सावरत मागं.

युसूफभाईंनी कमरेला नाडा बांधून बरंच वरच्या अंगानं उडी घेतली आणि वाहत वाहत बरोबर उंचवट्याला लागले. काठावर नाडा धरून गडीमाणसं उभी होती, आणि सगळ्यांच्या पुढं, कमरेएवढ्या पाण्यात आत्याबाई. उंचवट्यावर यांनी बैल मोकळे सोडले. ते आपले आपण पोहून निघाले. मग युसूफभाईंसोबत नाड्याला धरून हे आले, नाकातोंडात पाणी जात, दोनदा दिसेनासे होत. मी काठावर ओट्यातले देव एवढे गच्च आवळले होते की बाळकृष्णाचा रांगता गुडघा पोटाला रुतून काळानिळा डाग पडला.

घरी आलो तेव्हा चूल थंड होती, ते वेगळं सांगायला नको. संध्याकाळी आत्याबाई एकेक देव पुसून जागेवर ठेवत होत्या. खंडोबाचा टाक काही सापडेना. मी ओटा झाडला, टोपली झाडली, वाट धुंडाळली. तो विहिरीतच राहिला होता. मग मात्र माझा बांध फुटला. म्हटलं, मला माहेरी पाठवा, मी तुमचा देव बुडवला. त्यांनी निरांजन लावलं, डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. त्या दिवशी देवाला एकही काम सांगितलं नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “उगी रडू नको. घर राखायला बाकीचे हायेत. अन् अशी सून घरात असल्यावर, एक तरी देव हिरीवर बसून असलेला बरा.”