तेलापाण्याची सोयरीक

आमच्या शेजारच्या वसुंधराकाकू एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या, त्या प्रयोगशाळा घरीच घेऊन आल्या. ओट्यावर थर्मामीटर, डाळीच्या डब्याशेजारी सोयाबीनच्या लेसिथिनची बाटली. एकट्या बाईला एवढा पसारा कशाला, असं विचारायची सोय नाही. तासभर व्याख्यान ऐकावं लागतं. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मग लेसिथिन मध्ये पडून त्यांची सोयरीक जुळवतं, हे मी किमान वीसदा ऐकलंय.

मैना उरणची. पनवेलच्या बाजारात मासळी विकते आणि काकूंना ताजे बोंबील देते. बर्फाने आणि खाऱ्या पाण्याने तिच्या तळव्यांना भेगा पडलेल्या. एकदा सुटे पैसे देता देता म्हणाली, "ताई, पुढल्या म्हैन्यात प्रांजलची हलद हाय. माझे हात असे. पोरीच्या गालावर फिरवले तर ओरखडे उठतील."

झालं! काकू कामाला लागल्या. खोबरेल आणि लेसिथिन एका भांड्यात, पाणी दुसऱ्यात. दोन्ही सारखी गरम करायची, मग धार धरून घोटायचं. क्रीम लोण्यासारखं झालं. मैनाने डबी नेली आणि चौथ्या दिवशी परत आणली. वर तेल, खाली पाणी.

दुसऱ्या डबीतलं क्रीमही असंच फुटलं, तिसरीतलंही. घरात ठेवलेलं तेच क्रीम मात्र ठणठणीत! काकूंची झोप उडाली. "माझंच काहीतरी चुकतंय," म्हणत त्या वह्या उपसत बसल्या. हळदीला सतरा दिवस उरले होते. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

शेवटी मीच त्यांना बाजारात घेऊन गेले. मैनाने नवी डबी कुठून काढली असेल? पापलेटांखालच्या बर्फातून!

"अगं, बर्फात का?"

"मंग? आमी सगला माल बरफातच ठेवतो. नाय तर नासंल ना!"

काकू आधी चिडल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. गोठून वितळलं की कुठलीही सोयरीक मोडते, हे मैनाला तिथेच उभ्याने ऐकावं लागलं. त्या दिवसापासून डबी तिच्या कनवटीला गेली.

हळदीच्या दिवशी आम्ही दोघी उरणला गेलो. मांडवात गर्दी, प्रांजल पाटावर बसलेली. मैनाने वाटीत बोटं बुडवली आणि थबकली. लेकीकडे न जाता ती सरळ काकूंसमोर आली आणि तिने दोन्ही तळवे त्यांच्या गालांवर ठेवले.

"खरं सांगा ताई. टोचतंय का?"

काकांना जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्या गालांना कुणाचा हात लागला नव्हता. काकूंनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मैनाचे हात बाजूला व्हावेत असं मात्र त्यांना वाटेना.